सत्यम, सत्यम म्हणताना

सोळा गावं एकत्र आली म्हणून सोलापूर, असं मी शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. फळ्यावर मोठा गोल काढायचा, आत सोळा ठिपके द्यायचे आणि अहमदपूर, फत्तेपूर, सोनापूर, वैदकवाडी अशी नावं पोरांकडून एका दमात म्हणून घ्यायची. पोरं रंगून जायची. पुढं एका उन्हाळ्यात शिलालेखांची वाचनं घेऊन बसले आणि त्या गोलाला तडा गेला. कर्नाटकातल्या कल्याणच्या कलचुरी राजांच्या काळातल्या लेखांत आपल्या गावाचं नाव सोन्नलगे आहे. मोहोळ तालुक्यातल्या कामतीचा शके १२३८ चा संस्कृत लेख सोनलीपूर म्हणतो. किल्ल्यातल्या लेखात सोनलपूर आहे. बोलता बोलता मधला ‘न’ गळाला आणि सोलापूर उरलं. सोळाचा इथं काही संबंध नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी नव्या वर्गाला खरं ते सांगितलं. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, कुणाचं काही हरवलं नाही. त्या गोष्टीत ‘असं घडलं’ याच्या पलीकडं काही नव्हतंच. तेवढं खोटं ठरल्यावर ती संपली.

आमचं ग्रामदैवत असलेल्या संत सिद्धरामेश्वरांच्या लग्नाची गोष्ट अशी संपेल का?

गेल्या गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेला, पुण्याहून माझा भाचा आला होता. संध्याकाळी ओट्यावर शेजारचे अण्णा येऊन टेकले. चहा होता होता भाचा म्हणाला, “मावशी, कुंभाराच्या मुलीचं महाराजांच्या योगदंडाशी लग्न काय, होमात उडी काय, हे सगळं मिथक आहे एवढं मान्य करायला काय हरकत आहे?” अण्णांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, घालून ते यात्रेतल्या नंदीध्वजाच्या उंच काठीबरोबर चालत आलेत. कप खाली ठेवून म्हणाले, “मिथक? महाराज होऊन गेले बाबा. तळं आहे, लिंगं आहेत. अजून काय पुरावा पाहिजे तुला?” मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले, इतिहासाची बाई म्हणून. त्या रात्री माझ्याकडून धड उत्तर गेलं नाही. ते आता लिहिते आहे, कारण हा वाद आमच्या ओट्यापुरता उरलेला नाही. कुठल्या कथेला इतिहास म्हणायचं आणि कुठल्या कथेला कल्पना, यावरून आज पाठ्यपुस्तकं अडतात, सभा उधळल्या जातात, घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

अण्णांचं अर्धं म्हणणं इतिहासाच्या कसोटीला उतरतं. सिद्धराम बाराव्या शतकात होऊन गेले. त्यांनी कन्नडमध्ये वचनं रचली, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांची नाममुद्रा, आणि बसवण्णा व अल्लमप्रभू हे त्यांचे समकालीन. त्यांनी सोन्नलग्यात तळं खोदवलं आणि पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापली, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. इथपर्यंत वाट बरीच सरळ आहे. चरित्राकडं वळलं की तिला फाटे फुटतात. राघवांक या जुन्या कन्नड कवीनं सिद्धरामांचं चरित्र लिहिलं. त्यातले सिद्धराम म्हणजे श्रीशैलच्या मल्लिकार्जुनानं हाताला धरलेलं लेकरू. पुढं पंधराव्या शतकात शून्यसंपादनेची, म्हणजे शरणांच्या संवादांच्या कन्नड ग्रंथाची, जुळणी झाली, तिथं चित्र पालटतं. अल्लमप्रभू सोन्नलग्याला येतात, तळ्याच्या कामावर उभे राहतात आणि विचारतात, तुमचा तो वड्डर राम कुठं आहे? आपल्या गुरूला दगडफोड्या म्हटलेलं ऐकून कामावरची माणसं खवळतात आणि दगड भिरकावतात. सिद्धराम मात्र त्या माणसापाशी थांबतात, त्याच्याबरोबर कल्याणला जातात आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या लिंगाची, दीक्षा घेतात.

ही दीक्षा झाली की नाही यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि तो वाद व्हायला हवाच, कारण दीक्षा झाली असेल किंवा झाली नसेल, तिसरं काही होऊ शकत नाही. पण शून्यसंपादनेतला प्रसंग लिहिणाऱ्याला तारखेची फिकीर नव्हती. बाहेर एवढं तळं खणलंस, आत काय खणलंस, असा प्रश्न त्याला उभा करायचा होता. देऊळ बांधणाऱ्या माणसाला देवळाबाहेर बोलावणारी ती कथा आहे. ती खरी की खोटी हे कुठल्या दगडावर कोरलेलं सापडणार आहे?

आता संमती कट्टा, जिथं हे लग्न लागतं ती जागा. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. यात्रेच्या पहिल्या दिवशी यण्णीमज्जन, म्हणजे अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक. दुसऱ्या दिवशी अक्षता. सातही नंदीध्वज कट्ट्यापाशी येऊन उभे राहतात, नजर जाईल तिथं पांढरी बाराबंदी दिसते. मी आजीबरोबर जायची. ती अक्षता रुमालाच्या गाठीत बांधून न्यायची आणि वेळ आली की माझ्या मुठीत द्यायची. दुपारचं ऊन आणि दाटीवाटी, त्यामुळं मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या होऊन बोटांना चिकटायच्या. संमती वाचन कन्नडमध्ये. मला कळायचे त्यातले शेवटचे शब्द. दिड्डम, दिड्डम. सत्यम, सत्यम. तो शब्द कानावर पडला की एकदम सगळे हात वर.

नवरी कोण, तर सिद्धरामांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणारी कुंभाराची मुलगी. तिनं लग्नाची इच्छा बोलून दाखवली, योग्यानं नकार दिला, ती हटली नाही, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली. तिथं जमलेल्या लाखो माणसांत योगदंडाला माणूस समजणारा एकही नसतो. नवरी समोर नाही हेही सगळ्यांना दिसतं. अक्षता हवेत उडतात आणि पडतात कुणावर? पुढं उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या टोपीवर, कुणाच्या खांद्यावरच्या लेकराच्या केसांत. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणाऱ्या अख्ख्या गावाचं एकमेकांच्या साक्षीनं लग्न लागतं. आणि अशा वेळी शब्द कुठला उच्चारला जातो, तर सत्यम.

हे सत्य साक्षीदाराच्या पिंजऱ्यातलं नव्हे. लग्नात ‘नातिचरामि’ म्हणणारा मुलगा काही माहिती देत नसतो, तो शब्द देत असतो. तो शब्द खरा होता की नाही हे मुहूर्तावर कळत नाही, वीस वर्षांच्या संसारात कळतं. पवित्र कथांचं सत्य या जातीचं आहे असं मी मानते. त्या घडल्या होत्या का, हा प्रश्न विचारावा, जरूर विचारावा, आणि पुरावा जे सांगेल ते मान डोलावून स्वीकारावं. पण कथेनं आपल्याला जो शब्द द्यायला लावला आहे तो त्यानं फिटत नाही.

‘प्रतीक’ म्हटलं की गोष्ट हलकी झाली, असं अण्णांना वाटतं. भाच्यालाही तसंच वाटतं. म्हणून एकाला राग येतो आणि दुसऱ्याला सुटल्यासारखं होतं. मला उलटं दिसतं. जड असतं ते प्रतीकच. ‘घडलं’ एवढं मानून माणूस हात जोडून घरी जाऊ शकतो, प्रतीक मानलं की ते त्याच्या मागं घरापर्यंत येतं.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढ्याला याचा धडधडीत पुरावा आहे. दामाजीपंत तिथले बादशहाचे अंमलदार. दुष्काळात माणसं तडफडू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं उघडली. बिदरच्या बादशहानं त्यांना पकडून आणायला शिपाई धाडले. दामाजी दरबारात पोचायच्या आत एक विठू महार तिथं आला, धान्याची पै न पै मोजून चुकती केली आणि पावती घेऊन गेला. तो विठू म्हणजे पंढरीचा विठ्ठल. ही कथा कितीतरी पिढ्यांनी कीर्तनात ऐकली. ‘विठू महार’ शब्द आला की बायका पदरानं डोळे टिपायच्या. ऐकणाऱ्यांत, सांगणाऱ्यांत, ही गोष्ट शब्दशः घडली यावर कुणाचा तिळमात्र अविश्वास नव्हता. देव महार होऊन आला, हे त्यांच्या दृष्टीनं बिदरच्या दरबारात एका विशिष्ट दिवशी घडलेलं होतं.

आणि त्याच देवाच्या देवळात महाराला पाऊल टाकायची बंदी होती.

चोखोबांचं तर काय सांगावं. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना कूस ढासळलं, ते खाली सापडून गेले. नामदेवांनी अस्थी शोधल्या, ज्या हाडांतून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा. ती हाडं पंढरपूरला आणली गेली आणि महाद्वारासमोर समाधी झाली. द्वारासमोर, म्हणजे बाहेर. हाडं देवाचं नाव घेतात यावर पूर्ण विश्वास, तरी ती उंबऱ्याच्या आत गेली नाहीत. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, १० मे ला ते सुटलं आणि विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांसाठी खुलं झालं. दामाजींची कथा शब्दशः खरी मानणाऱ्या शतकांना जे सुचलं नाही, ते तिचा अर्थ स्वतःला लावून घेणाऱ्या एका माणसानं दहा दिवस पोट जाळून करून घेतलं. बिदरला तो विठू गेला होता की नाही, हे मला ठाऊक करून घ्यायची घाई नाही. पंढरपूरचा दरवाजा कधी उघडला ते मी मुलांकडून तारखेसकट पाठ करून घेते.

यावर अण्णा म्हणतील, आणि म्हणालेही, “अहो बाई, प्रतीक म्हटलं की देव परका होतो. जो नव्हताच त्याला मी हाक कशी मारू?” हा आक्षेप मला खरा वाटतो. त्याला उडवून लावणारी माणसं मला आवडत नाहीत. भक्ताला अर्थ नको असतो, सोबत हवी असते.

माझी आजी सिद्धरामांच्या लहानपणीची गोष्ट सांगायची. पोर रानात गुरं राखतंय. एक जंगम येतो, म्हणतो, भूक लागली. पोर हुरडा भाजून देतं. जंगम म्हणतो, पोटात आग पडलीय, दहीभात पाहिजे. पोर घरी धावतं, आईकडून दहीभात घेऊन परत येतं, तर जंगम नाही. मग ‘मल्लय्या, मल्लय्या’ करत रानोमाळ हिंडत ते श्रीशैलला पोचतं आणि कड्यावरून उडी घेणार तेवढ्यात देव हात धरतो. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण भर दुपारी दारात कुणीही आलं, भंगार गोळा करणारा असो की कुलूप दुरुस्त करणारा, ती आधी जर्मनच्या ताटलीत दहीभात कालवायची. वर चटणीची चिमूट. आई कधी कुरकुरली, की आजी हळूच म्हणायची, “कोण हाय कुणाला ठाव. मल्लय्या आसंल.”

आता आजी कथा शब्दशः मानत होती की प्रतीक म्हणून? मी याचा खूप विचार केला आहे. ती ठार श्रद्धाळू होती, ‘प्रतीक’ हा शब्द तिला कळलाही नसता. पण ती गोष्ट तिच्या लेखी घडून गेलेली नव्हती, ती घडत होती. इतिहास म्हटला की गोष्ट एका तारखेला घडते आणि त्या तारखेत बंद होते. आजीचा मल्लय्या अजून उपाशी होता. हा फरक मला ‘घडलं की नाही’ या फरकापेक्षा फार मोठा वाटतो, आणि अण्णांना मी एवढंच सांगेन की प्रतीक म्हणजे ‘नव्हता’ असं नाही, ‘आत्ता दारात असू शकेल’ असं.

उलट आज शब्दशः सत्याच्या नावानं जे चाललंय त्यानं देव जास्त परका होतो. गणपतीचं मस्तक म्हणजे प्राचीन शस्त्रक्रिया, पुष्पक म्हणजे विमान, ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्ब. या हिशेबात गणपतीच्या गोष्टीतली आईची माया आणि बापाचा आंधळा राग कुठं गेला? उरलं नुसतं ऑपरेशन. आणि ज्या विज्ञानाच्या दाराशी आपण दाखला मागायला उभे राहतो, ते उद्या दाखला नाकारणार हे नक्की. तेव्हा आपण पोरांच्या हातात काय देणार?

हा हट्ट जुन्यांचाही नव्हता. मीमांसकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच वेदवाक्यांना चाळण लावली. काय करावं हे सांगणारा तो विधी, आणि त्याची गोडी लागावी म्हणून केलेली स्तुती, सांगितलेली कथा तो अर्थवाद. ‘यज्ञातला खांब हा सूर्य आहे’ असं वेदात आलं, तर डोळ्यांना खांब दिसतो, म्हणून ते वाक्य गुणाच्या अंगानं घ्यायचं, हा त्यांचा नियम. आणि शंकराचार्य गीतेवरच्या भाष्यात स्पष्ट म्हणतात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण ठरत नाही. परंपरा मोडा असं म्हणणारी ही माणसं नव्हती, परंपरा त्यांच्याच खांद्यावर उभी होती. बाकी आपल्या वारकऱ्यांना तर हे कुणी शिकवावंच लागलं नाही. भारुडात विंचू चावला म्हटलं की खेड्यातल्या म्हातारीलाही कळतं, कुणी दिवा घेऊन विंचू शोधायला उठत नाही.

भाच्याचा आक्षेप वेगळा, आणि तोही कच्चा नाही. तो म्हणतो, “प्रतीक ही पळवाट आहे. पटेल तिथं खरं, अडचण आली की प्रतीक.” बरोबर आहे. ही पळवाट रोज वापरली जाते. म्हणून सीमा आखायला हवी, आणि आपल्या राज्यानं ती एका कायद्यात आखून ठेवली आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं हा गुन्हा ठरवला. त्याच कायद्यानं होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगायला मात्र मोकळीक ठेवली. वरवर बघितलं तर तडजोड वाटते. मला ती शहाणपणाची वाटते. चोखोबांची हाडं बोलली ही कथा आहे, माझ्या अंगाऱ्यानं तुझा ताप उतरेल हा दावा आहे. कथा ऐकणाऱ्याला काहीतरी द्यायला लावते. दावा ऐकणाऱ्याकडून काहीतरी काढून घेतो.

आणि जिथं इतिहास आहे तिथं मी कथेला पाऊल ठेवू देणार नाही. यात्रा सुरू होते त्याच दिवसांत, १२ जानेवारीला, सोलापूर आपल्या चार हुतात्म्यांना हार घालतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, मार्शल लॉ लागला, खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी झाली. इथं प्रत्येक तारीख बरोबर हवी. त्यांच्या मृत्यूभोवती मला तेजाची वलयं नकोत, न्यायालयाची कागदपत्रं हवीत. कारण ते माणूस होते आणि आपल्यासारखेच घाबरू शकत होते, यातच त्यांचं मोठेपण आहे. मात्र इतिहास असला म्हणून अर्थ संपतो असंही नाही. करबला ही इतिहासातली घटना, इसवी सन ६८० ची. मोहरमला सोलापुरात पंजे बसतात तेव्हा त्यांच्यापुढं मान झुकवणाऱ्या हिंदू बाईला तो सनावळीतला आकडा माहीत नसतो. तहानलेल्यांचं पाणी अडवू नये, एवढं तिला माहीत असतं.

आता ज्या भागापाशी माझी लेखणी दर वेळी अडखळते, तिथं येते. यात्रेचा तिसरा दिवस. संध्याकाळी होम मैदानावर होमकुंडात बाजरीच्या पेंढ्या उभ्या करतात. त्यांना साडी नेसवतात, मंगळसूत्र घालतात. ती कुंभारकन्या. आदल्या दिवशी जिच्यावर अक्षता टाकल्या ती. मग अग्नी. बाजरीचा सरमाड वाळलेला असतो, क्षणात पेट घेतो. आधी पदर जातो. सात-आठ वर्षांची असताना मी आजीला विचारलं होतं, “ती का जळाली?” आजी म्हणाली, “जळाली न्हाई गं, देवात मिळाली.” माझं समाधान झालं नाही. आजही झालेलं नाही.

ही कथा शब्दशः घ्या. मग एका मुलीनं अग्नीत देह टाकला आणि आपण आठशे वर्षं तो सोहळा करतो आहोत, असं म्हणावं लागेल. हे वाक्य मी तरी उच्चारू शकत नाही. बेंटिंकनं सतीबंदी केली ती १८२९ साली. त्याला दीडशेवर वर्षं उलटल्यावर, १९८७ साली राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची एक मुलगी चितेत गेली, आणि हजारो लोक तिथं हात जोडायला लोटले. त्यानंतर सतीचं उदात्तीकरण हाही गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. लोटलेल्या त्या हजारोंनी जुन्या कथा इतिहास म्हणूनच ऐकल्या होत्या. तेव्हा शब्दशः अर्थ निरुपद्रवी आहे, श्रद्धेचा खासगी मामला आहे, असं मला कुणी सांगू नये.

पण प्रतीक म्हटल्यानं मी सुटते का? सुटत नाही. इथं भाच्याचा आक्षेप मला स्वतःला लावून घ्यावा लागतो. वासनांची आहुती, जीवाशिवाचं ऐक्य, असे गोड अर्थ पुष्कळ सांगितले जातात. मी विचारते, आहुतीसाठी साडी नेसवलेलीच पेंढी का? प्रतीकालाही जाब विचारावा लागतो. ज्या प्रतीकाला जाब विचारता येत नाही, ते शब्दशः अर्थाचंच नवं सोंग.

म्हणून मी माझ्या वर्गातल्या मुलींना या कथेचा दुसरा भाग तोलून सांगते आणि पहिला भाग जीव ओतून सांगते. बाराव्या शतकातली एक मुलगी, मातीत हात घातलेल्या घरातली. तिनं आपल्या मनातला माणूस स्वतः ठरवला आणि स्वतःच्या तोंडानं त्याला विचारलं. त्यानं नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारलं. गावानं तिला विसरून टाकलं नाही, उलट सगळं गाव तिचं वऱ्हाड झालं. तिचं नाव आपल्यापर्यंत पोचलं नाही, बापाचा धंदा तेवढा पोचला. यात आनंदही आहे आणि खंतही, दोन्ही मुलींपुढं ठेवते. होमाचं विचारलं तर सांगते की मला ते बघवत नाही, आणि तुम्ही मोठ्या झाल्यावर या कथेचा शेवट कसा सांगायचा ते तुम्ही ठरवा. राघवांकाचे सिद्धराम वेगळे, शून्यसंपादनेतले वेगळे. मग आमच्या नातींच्या तोंडची कुंभारकन्या वेगळी का असू नये? एकदा एक चुणचुणीत पोर म्हणाली, “बाई, मी सांगताना ती आगीच्या पुढं उभी राहते, आत नाही.” मी तिला दुरुस्त केलं नाही.

यात्रा संपते, कप्पडकळी हा शेवटचा विधीही होतो. पाळणे आणि दुकानं मैदानावर अजून काही दिवस असतात. परवा सकाळी फिरायला गेले तेव्हा तळ्याच्या कडेला थांबले. पाण्यावर हार, नारळाच्या करवंट्या, प्लास्टिकच्या पिशव्या, फुटकी फ्रेम. ज्या गावात कित्येक दिवसांआड नळाला पाणी येतं, ज्या गावात घागर भरून झाली का हीच पहाटेची पहिली चौकशी, त्या गावच्या संतानं आठशे वर्षांपूर्वी खणलेलं हे पाणी. कमरेइतक्या पाण्यात एक माणूस उभा होता. हातात लांब काठी, तिला आकडा. तो एकेक हार ओढून काठावर टाकत होता आणि ओल्या निर्माल्याचा ढीग वाढत होता. मधूनच थांबून काठीवर भार देऊन दम खायचा.

पुलावरून देवळाकडं जाणारी माणसं थबकत होती, त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या कळसाला हात जोडत होती आणि पुढं जात होती. अण्णाही त्यातच होते. हात जोडून झाल्यावर त्यांचं लक्ष खाली गेलं. बराच वेळ ते कठड्याला धरून बघत राहिले. मग चपला काढून एका बाजूला ठेवल्या, धोतर वर खोचलं आणि सावकाश पायऱ्या उतरून काठावरचा ढीग टोपलीत भरायला बसले.